सेन्सर नेमका कुठे बसवायचा? ‘सेन्सर प्लेसमेंट’ समजून घ्या सोप्या भाषेत

आजचा विषय थोडा वेगळा आहे. तो मला पुस्तकाआधी कांद्याने शिकवला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून एक प्रोजेक्ट केला. निफाड तालुक्यात माझ्या मामांची कांदा चाळ आहे. जुन्या पद्धतीची, रुंद, साधारण २५ टनांची. उन्हाळी कांदा मे महिन्यात चाळीत भरायचा आणि भाव बघून दिवाळीपर्यंत काढायचा, हा त्यांचा दरवर्षीचा हिशोब. आम्ही तिथे तापमान आणि आर्द्रता मोजणारे आठ सेन्सर बसवले, ईएसपी३२ बोर्डाला जोडले आणि मामांच्या फोनवर ॲप टाकून दिलं. ॲपमध्ये हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक. मामा खूश. रोज सकाळी चहा घेताना ठिपका बघायचे आणि म्हणायचे, “आता चाळीत जायाचं कामच नाही राहिलं.”

ऑगस्टच्या शेवटी चाळीतून वास यायला लागला. ढीग उकरला तर मधला कांदा सडून पाणी सुटलेलं. जवळपास ४० क्विंटल माल गेला. आणि फोनवर ठिपका हिरवाच!

आम्ही रात्रभर कोड तपासला. कोडमध्ये चूक नव्हती. आठही सेन्सर व्यवस्थित चालू होते, रीडिंगही बरोबर होतं. चूक एकच होती. आठही सेन्सर आम्ही बाहेरच्या खांबांवर बसवले होते, कारण एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तिथपर्यंतच पोचत होती. कांदा श्वसन करतो, त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. कडेचा कांदा वाऱ्याने थंड राहतो, मधला कोंडतो. थोडक्यात, आम्ही कांदा मोजतच नव्हतो. आम्ही निफाडची हवा मोजत होतो.

मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “आरं, कांदा मधूनच सडतो. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की.”

सेन्सर कुठे बसवायचा हा गणितातला एक मोठा, स्वतंत्र विषय आहे, हे मला त्यानंतर कळलं. चला, नीट समजून घेऊया.

सेन्सर प्लेसमेंट म्हणजे काय?

काळानुसार काही नियमांनी बदलत राहणाऱ्या कोणत्याही गोष्टीला डायनॅमिकल सिस्टिम म्हणतात. नदीचं पाणी, शहराची पाइपलाइन, हवामान, फोनची बॅटरी, कांद्याचा ढीग, सगळ्या डायनॅमिकल सिस्टिमच. त्यात खूप भाग असतील आणि प्रत्येक भाग दुसऱ्यावर परिणाम करत असेल, तर ती गुंतागुंतीची सिस्टिम.

एखाद्या क्षणी सिस्टिमच्या सगळ्या भागांचं जे काही चाललंय, त्याला तिची ‘स्थिती’ म्हणतात. आपल्याला हवी असते पूर्ण स्थिती, पण सेन्सर बसवता येतात मोजकेच. मग प्रश्न असा: मोजक्या कोणत्या जागा निवडल्या, तर त्यांच्यावरून न मोजलेल्या जागांचाही चांगला अंदाज येईल? यालाच सेन्सर प्लेसमेंट म्हणतात.

सगळीकडेच सेन्सर का लावत नाहीत?

पहिलं कारण पैसा. सेन्सर स्वस्त मिळतो, पण त्याची वायर, बॅटरी, नेटवर्क आणि दर महिन्याला जाऊन तो पुसणारा माणूस स्वस्त नसतो. शिवाय काही ठिकाणी सेन्सर बसवताच येत नाही.

मग सगळ्या शक्यता कॉम्प्युटरने तपासून सर्वात चांगली का निवडू नये? हिशोब करून बघा. १०० जागांपैकी १० निवडायच्या असतील तर १७ लाख कोटींहून जास्त प्रकारे निवडता येतात. सेकंदाला १० लाख प्रकार तपासले तरी सुमारे २०० दिवस लागतील. आणि १० ऐवजी २० जागा निवडायच्या म्हटल्या तर? त्याच वेगाने सुमारे १ कोटी ७० लाख वर्षं! म्हणून इथे डोकं लावावं लागतं.

पहिली कल्पना: जे दिसतंय त्यावरून काय कळू शकतं?

१९६० च्या सुमारास रुडॉल्फ काल्मन यांनी ‘ऑब्झर्व्हेबिलिटी’ ही कल्पना मांडली. मराठीत निरीक्षणक्षमता म्हणू. अर्थ साधा आहे: सेन्सरच्या रीडिंगवरून सिस्टिमची पूर्ण स्थिती शोधून काढता येते का?

उदाहरण गाडीचं घेऊ. गाडी कुठे आहे हे दर सेकंदाला कळत असेल, तर तिचा वेग वेगळा मोजायची गरज नाही. दोन ठिकाणांतलं अंतर भागिले वेळ, झालं काम. पण समजा फक्त वेग कळतोय, ठिकाण नाही. तर कितीही भारी स्पीडोमीटर लावा, गाडी नाशिकहून निघाली की नगरहून हे त्यावरून कधीच कळणार नाही. म्हणजे योग्य सेन्सर एक असला तरी पुरतो आणि चुकीचा सेन्सर कितीही अचूक असला तरी पुरत नाही.

हे तुम्ही फोनवर अनुभवलं असेल. बोगद्यात जीपीएस गेलं की मॅप थोडा वेळ ॲक्सलरोमीटर आणि जायरोस्कोपच्या भरवशावर अंदाज बांधू शकतो. पण हे दोन सेन्सर हालचालीतला बदल सांगतात, ठिकाण सांगत नाहीत. म्हणून चूक साचत जाते आणि निळा ठिपका भरकटतो.

दुसरं उदाहरण सतारीच्या तारेचं. तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंपते. त्यातल्या दुसऱ्या प्रकारात तारेचा बरोबर मधला बिंदू जागचा हलतच नाही. सेन्सर नेमका तिथे लावला तर ते कंपन त्याला कधीच दिसणार नाही. पुलांवर आणि उपग्रहांवर कंपन मोजणारे सेन्सर बसवताना इंजिनिअर अशा आंधळ्या जागा टाळतात.

२०१३ मध्ये यांग-यू लिऊ, जाँ-जॅक स्लोटिन आणि अल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी हीच कल्पना मोठ्या नेटवर्कसाठी वापरली. सिस्टिमचा प्रत्येक भाग म्हणजे एक ठिपका. एका भागाची बातमी दुसऱ्या भागात दिसत असेल तर दोघांमध्ये बाण. आता या नकाशात असे गट शोधायचे, ज्यांची बातमी बाहेर कुणाकडेच पोचत नाही. अशा प्रत्येक गटात निदान एक सेन्सर हवाच. डोंगरापलीकडच्या ज्या वस्तीची खबर गावात येत नाही, तिथे स्वतःचा माणूस ठेवावा लागतो, तसंच हे.

आमच्या चाळीत नेमकं हेच घडलं. ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेरच्या खांबापर्यंत यायच्या आत वारा तिला घेऊन जात होता. पोटातली बातमी बाहेर पोचतच नव्हती.

दुसरी कल्पना: सिस्टिमला सवयी असतात

गुंतागुंतीच्या सिस्टिममध्ये हजारो आकडे बदलत असले तरी ते मनाला येईल तसे बदलत नाहीत. काही ठरावीक नमुने पुन्हा पुन्हा दिसतात. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घ्या. ऋतूंचा एक मोठा नमुना, एल निनोचा आणखी एक, मग छोटे छोटे. जुन्या डेटातून असे मुख्य नमुने बाहेर काढायला एसव्हीडी नावाचं गणित वापरतात.

नमुने मोजकेच असतील तर सेन्सरही मोजके पुरतात. जागा निवडायची एक सोपी रीत अशी:

१. ज्या जागी चढउतार सर्वात जास्त, ती पहिली जागा.

२. या जागेवरून बाकीच्या जागांबद्दल जेवढा अंदाज येतो, तेवढा भाग डेटातून वजा करा.

३. जे उरलं त्यात आता सर्वात जास्त चढउतार कुठे आहे? ती दुसरी जागा.

४. पुन्हा वजा करा, पुन्हा शोधा. उरलेला भाग नगण्य झाला की थांबा.

गणितात याला पिव्होटिंगसह क्यूआर म्हणतात. कृतिका मनोहर, बिंगनी ब्रंटन, नेथन कुट्झ आणि स्टीव्हन ब्रंटन यांनी २०१८ च्या लेखात ही पद्धत चेहऱ्यांचे फोटो आणि समुद्राचं तापमान अशा डेटावर दाखवली. गंमत म्हणजे चेहऱ्यांसाठी निवडलेले पिक्सेल मुख्यतः डोळे, नाक आणि तोंडाभोवतीच आले. कॉम्प्युटरला कुणी सांगितलं नव्हतं की चेहरा तिथून ओळखतात.

दुसरी पायरी नीट लक्षात घ्या. वजाबाकी केली नाही तर दुसरा सेन्सर पहिल्याच्या शेजारीच येईल, कारण तिथेही चढउतार जास्तच असतो. पण तो नवीन काही सांगणार नाही. आमचे आठ सेन्सर अशीच एकच गोष्ट आठ वेळा सांगत होते.

तिसरी कल्पना: एकेक करून निवडा, तरी चालतं

एका वेळी एकच, त्या क्षणी सर्वात फायद्याची जागा उचलायची, या पद्धतीला ग्रीडी म्हणतात. ऐकायला ती आळशी वाटते, पण तिच्यामागे भक्कम गणित आहे.

खोलीत पहिला सेन्सर लावला की खूप माहिती मिळते, दुसऱ्याने त्यात थोडी भर पडते, दहाव्याने जवळपास काहीच नाही. फायदा असा घटत जात असेल आणि सेन्सर वाढवल्याने कधी नुकसान होत नसेल, तर ग्रीडी निवड सर्वोत्तम निवडीच्या किमान ६३ टक्के काम करतेच. हे १९७८ मध्ये नेमहाउझर, वोल्सी आणि फिशर यांनी सिद्ध केलं. ही हमी वाईटात वाईट परिस्थितीची आहे.

२००७ मध्ये युरे लेस्कोवेक आणि सहकाऱ्यांनी याच ग्रीडीची खूप वेगवान आवृत्ती तयार केली. तिने दोन प्रश्न सोडवले: पाइपलाइनमध्ये दूषित पाणी लवकर पकडायला सेन्सर कुठे लावायचे, आणि बातमी सर्वांत आधी कळायला कोणते ब्लॉग वाचायचे. दोन्हीकडे गणित एकच!

पण ‘सर्वोत्तम’ म्हणजे कशासाठी?

इथे बहुतेक जण चुकतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीला एक स्पर्धा झाली होती. विषय होता, पिण्याच्या पाण्याच्या जाळ्यात कुणी विष मिसळलं तर ते ओळखणारे सेन्सर कुठे बसवायचे. एक जाळं १२९ जोडबिंदूंचं, दुसरं तब्बल १२,५२७ बिंदूंचं. प्रत्येकात आधी ५ आणि मग २० सेन्सर बसवायचे होते.

मोजायच्या गोष्टी चार होत्या: किती लवकर कळलं, किती लोकांना त्रास झाला, किती दूषित पाणी वापरलं गेलं, आणि मुळात कळण्याची शक्यता किती. या चारही गोष्टींत एकदम पहिला येईल असा एकच नकाशा नसतो. पाइपलाइनच्या शेवटाकडे सेन्सर लावले तर जास्त घटना पकडल्या जातात, पण उशिरा. सुरुवातीकडे लावले तर तिथलं लवकर कळतं, पण पुढे कुठे काही मिसळलं तर पत्ताही लागत नाही.

आपल्याकडचं उदाहरण कोल्हापूरचं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सगळं शहर मोबाईलवर बघत असतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ही जागा मोजायला चांगली, कारण भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या सगळ्यांचं पाणी एकत्र होऊन इथे येतं. एका आकड्यात चार नद्यांची बातमी! पण कोणत्या नदीने किती पाणी आणलं, हे एकट्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट आहे. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णेलाच पूर असेल तर फुगवटा येऊन पंचगंगेचं पाणी तुंबतं. म्हणजे पूर का उतरत नाही, याचं उत्तर कधी कधी बंधाऱ्याच्या पुढे असतं. आज पाणी कुठवर आलंय, एवढाच प्रश्न असेल तर एक जागा पुरते. उद्या कुठल्या गल्लीतली माणसं हलवायची, हा प्रश्न असेल तर वरच्या नद्या आणि खालची कृष्णा, दोन्हीकडे डोळे हवेत.

यात तुमच्या फोनचा काय संबंध?

तुमचा फोनही एक सेन्सरच आहे, फक्त त्याची जागा कुणी ठरवून निवडलेली नाही. अँड्रॉइडची भूकंप इशारा यंत्रणा २०२० मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि २०२३ मध्ये भारतात आली. टेबलावर स्थिर पडलेल्या फोनचा ॲक्सलरोमीटर भूकंपाची पहिली थरथर ओळखतो. एकाच वेळी एका भागातल्या अनेक फोनना तसं जाणवलं की सर्व्हर भूकंपाचा अंदाज बांधतो.

इथे जागेची उणीव संख्येने भरून काढली आहे. पण पूर्ण नाही. फोन असतात माणसं राहतात तिथे. भर समुद्रात किंवा दाट जंगलात भूकंप झाला तर जवळ फोनच नसतात, म्हणून तो उशिरा कळतो. मॅपवरचं ट्रॅफिकही तसंच. ज्या रस्त्यावर फोन नाहीत, त्याबद्दल मॅपकडे ताजी माहिती कुठून येणार?

स्वतःचा प्रोजेक्ट करताय? मग हे करा

पुढच्या हंगामात आम्ही मामांकडे पुन्हा गेलो. या वेळी आधी विचारलं, मग मोजलं, आणि सर्वात शेवटी बसवलं. तीच यादी तुम्हाला देतो.

*प्रश्न आधी ठरवा.* आमचा आधीचा प्रश्न होता “चाळीचं तापमान किती?” खरा प्रश्न होता “सड कुठे सुरू होतेय?”

*रोज तिथे वावरणाऱ्या माणसाला विचारा.* मामांनी बोटाने चार जागा दाखवल्या. नंतर डेटाने त्यातल्या तीन बरोबर ठरवल्या.

*थोडे दिवस भरपूर मोजा.* आम्ही भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप ढिगात ठिकठिकाणी खुपसले आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ हाताने ४० जागी तापमान घेतलं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय नमुने कळत नाहीत.

*मग निवडा.* वर सांगितलेली वजाबाकीची रीत स्प्रेडशीटमध्येही करता येते. पायथन येत असेल तर पायसेन्सर्स नावाची मोफत लायब्ररी आहे.

*लपवून परीक्षा घ्या.* काही जागांचं रीडिंग बाजूला ठेवा आणि निवडलेल्या सेन्सरवरून त्याचा अंदाज काढा. अंदाज चुकला तर निवड चुकली.

*एक सेन्सर बंद पडला असं समजा.* त्याच्याविना अंदाज कोलमडत असेल तर एक जोडीदार जास्त लावा.

*सिस्टिम बदलली की पुन्हा तपासा.* आम्ही मे महिन्यात निवडलेली एक जागा पावसाळी वारे सुरू झाल्यावर निरुपयोगी झाली.

शेवटी सेन्सर किती लागले? पाच. तीन ढिगाच्या पोटात, एक वारा अडतो त्या कोपऱ्यात आणि एक बाहेर. आठवरून पाच!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*महागडा, जास्त अचूक सेन्सर घेतला तर जागेची चिंता मिटते का?*
नाही. चुकीच्या जागी लावलेला अचूक सेन्सर चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर देतो.

*एआय उरलेलं भरून काढणार नाही का?*
एआय डेटातल्या नमुन्यांवरूनच अंदाज बांधतं. जिथली बातमी कोणत्याच सेन्सरपर्यंत पोचत नाही, तिथलं तेही सांगू शकत नाही. उलट ते इतक्या आत्मविश्वासाने आकडा देईल की आपण जाऊन बघणंच सोडून देऊ.

थोडक्यात

सेन्सर किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत हे महत्त्वाचं. दोन सेन्सर एकच गोष्ट सांगत असतील तर त्यातला एक वाया. आणि ॲपवर हिरवा ठिपका दिसला तर एक प्रश्न जरूर विचारा: हा ठिपका नेमका कुठून बघून बोलतोय?

दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये पोटातला एक सेन्सर तीन दिवस हळूहळू चढत राहिला. मामांनी तेवढाच भाग उपसला. दोन-तीन पाट्या सडका कांदा निघाला, बाकीचा वाचला. ॲप त्यांच्या फोनवर अजून आहे. पण आता चहा झाला की ते चाळीत एक चक्कर मारून येतातच. मी त्यांना थांबवत नाही. चाळीतला सहावा सेन्सर तेच आहेत.